परदेशी एमए आणि चाळीस हजार शब्दांवर थांबलेली कादंबरी

वाचकाचं पत्र

मी सांगलीत राहते, वय ३८. शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम. गेली आठ वर्षं पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून इंग्रजी मजकूर लिहिते: वेबसाइट, माहितीपत्रकं, ग्राहकांना जाणारे ईमेल. माझं खरं लेखन मराठीत आहे. तीन कथा दिवाळी अंकांत आल्या, तिन्ही एक शब्दही न बदलता छापल्या गेल्या. एक कादंबरी ४० हजार शब्दांपर्यंत आली आणि तिथेच अडली. दीड वर्ष झालं, मधला भाग पुढे सरकत नाही. मुलगा झोपल्यावर रात्री तासभर मिळतो तो तिच्यासाठी ठेवलाय, पण तिच्यासमोर नुसती बसून राहते.

आता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या सर्जनशील आणि व्यावसायिक लेखनाच्या ऑनलाइन एमएला प्रवेश मिळालाय. मुदत दोन वर्षं, नोकरी सांभाळून. फी साडेनऊ हजार पौंड. आईने माझ्या नावावर ठेवलेली एफडी मोडली तर जमेल. नवरा म्हणतो कर, सासूबाई काहीच बोलत नाहीत, भाऊ म्हणतो या वयात हौसेपायी दहा लाख घालवणार का? या पदवीवर कॉलेजात शिकवता येईल का? कादंबरी पुरी होईल का? आणि माझं इंग्रजी तिथे टिकेल का? पंधरा दिवसांत पहिला हप्ता भरायचा आहे.

– एक वाचक, सांगली

उत्तर

ताई,

हातात पंधराच दिवस आहेत म्हणून आधी निर्णयाचं बोलते. आईची एफडी मोडून दोन वर्षांची पूर्ण फी गळ्यात बांधून घेऊ नका. पण प्रवेशाला नाहीही म्हणू नका. विद्यापीठाला आजच ईमेल करा आणि तीन गोष्टी विचारा: फक्त पहिल्या ६० क्रेडिट्सपुरती, म्हणजे एक तृतीयांश अभ्यासक्रमापुरती, नोंदणी करता येईल का, फी मॉड्यूलगणिक (अभ्यासक्रमाच्या एकेका भागागणिक) भरता येईल का, आणि प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलता येईल का. हेच तीन प्रश्न का, ते पुढे येईल.

कॉलेजात शिकवण्याचा विचार मात्र या पदवीच्या हिशेबातून काढूनच टाका. आपल्याकडे सहायक प्राध्यापक व्हायचं तर एमएला ५५ टक्के आणि जोडीला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, ही वाट आहे. सर्जनशील लेखन हा नेटचा स्वतंत्र विषय नाही. त्यातून परदेशी पदवीला आधी इथली समकक्षता मिळवावी लागते, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२५ च्या नियमावलीत त्यासाठी प्रत्यक्ष वर्गात हजर राहून शिकल्याची अट आहे. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने घेतलेली परदेशी पदवी त्यात बसत नाही, मग विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो. यूजीसीची मान्यता असलेल्या भारतीय विद्यापीठाची ऑनलाइन पदवी मात्र नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. तेव्हा शिकवायचंच असेल तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तुमच्या घराजवळ आहे, त्यांचं दूरशिक्षण केंद्र आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मराठीत एमए करा आणि सेट द्या. ती परीक्षा पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. खर्च या फीच्या जवळपासही जाणार नाही.

पण तुमच्या पत्रात शिकवण्याबद्दल एकच ओळ आहे, आणि ती भावाच्या वाक्याला लागून आलेली आहे. मला वाटतं, ती भावाला द्यायच्या उत्तरासाठी सुचली असावी. मनात आहे ती कादंबरी, म्हणून तिच्याबद्दलच जास्त बोलू.

या एमएमध्ये दहा लाखांच्या बदल्यात नेमकं काय मिळतं? अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये लेखकांची कार्यशाळा सुरू केली. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये सर्जनशील लेखनाचं एमए सुरू केलं. आजच्या बहुतेक अभ्यासक्रमांचा कणा तीच कार्यशाळा आहे. दहा-बाराजणांचा गट असतो. आपला दोन-तीन हजार शब्दांचा मजकूर काही दिवस आधी सगळ्यांना द्यायचा. बाकीचे वाचून, टिपणं काढून येतात आणि त्यावर बोलतात. अनेक ठिकाणी तोवर लेखकाने गप्प राहायचं असतं. खुलासा करायचा नाही, बाजू मांडायची नाही. शेवटी शिक्षकाचा लेखी अभिप्राय येतो. तंत्रावर व्याख्यानं आणि वाचन असतं, पण ते पुस्तकांतूनही मिळतं. पैसे मोजायचे ते आपलं लेखन नेमाने, ठरल्या तारखेला, बारकाईने वाचणाऱ्या माणसांसाठी.

आपल्याकडे हे काम विद्यापीठाने कधी केलं नाही. ते संपादकांनी केलं. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवायचे ते सविस्तर पत्रासकट. कुठे सूर सुटला, कुठलं पात्र लेखकाच्याच तोंडून बोलतंय, शेवट का पटत नाही, हे त्यात असायचं. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झालं, आणि ते पत्र येण्याची सवयही हळूहळू गेली. मी गेली अनेक वर्षं दिवाळी अंकांसाठी कथा निवडते. जुलै-ऑगस्टात टेबलावर जो गठ्ठा असतो त्यात छापण्याजोगं आणि न छापण्याजोगं इतकंच वेगळं करायला वेळ पुरतो. बरी कथा चांगली कशी होईल हे लेखकाला लिहून कळवणं बहुतेक वेळा राहून जातं. तिन्ही कथा एक शब्दही न बदलता छापल्या गेल्या, हे तुम्ही आनंदाने लिहिलंय. मला ते वाचून वाईट वाटलं. याचा अर्थ आजवर तुमचं लिखाण हातात पेन घेऊन कुणी वाचलेलंच नाही.

म्हणून तुमची ओढ मला पटते. तुम्हाला वाचक हवा आहे आणि तो मिळवण्यासाठी पैसे मोजायची तुमची तयारी आहे, ही हौस नव्हे. प्रश्न एवढाच, की हा वाचक तुमच्या कादंबरीचा असेल का?

नसेल. कादंबरी मराठीत आहे आणि तिथे तिची भाषा वाचणारं कुणी नसेल. पुढची अडचण कार्यशाळेच्या मापाची आहे. दोन-तीन हजार शब्दांच्या तुकड्यावर चर्चा होते तेव्हा कथेला फार फायदा होतो, कारण ती त्या मापात बसते. कादंबरीचं पहिलं प्रकरणही चकचकीत होतं. पण तुमचं अडलंय ते मध्यावर, ४० हजार शब्दांनंतर. तिथे काय चुकलंय हे सांगायला आधीचं सगळं डोक्यात असलेला माणूस लागतो, आणि महिन्याकाठी एक तुकडा वाचणाऱ्या दहा अनोळखी लोकांकडून ते व्हायचं नाही. शेवटचा प्रकल्पही साधारण १५ हजार शब्दांचा असतो, म्हणजे पदवी हातात येईल तेव्हाही कादंबरी याच जागी उभी असेल. पहिली तीन प्रकरणं नव्वद वेळा घासलेली आणि पुढे काही नाही, अशी हस्तलिखितं माझ्याकडे येत असतात.

आता तासांचा हिशेब. मला फीपेक्षा याचीच जास्त काळजी आहे. ब्रिटनमधलं एमए १८० क्रेडिट्सचं असतं आणि एका क्रेडिटला १० तासांचं काम धरतात. म्हणजे १,८०० तास. दोन वर्षांत बसवायचे तर आठवड्याला सतरा, आणि सुट्ट्यांचे आठवडे वगळले तर वीसच्या पुढे. तुमच्याकडे आज रात्रीचा एक तास आहे, आठवड्याचे सात. उरलेले कुठून आणणार? नोकरीतून निघणार नाहीत, मुलाच्या वाट्याचे तुम्ही सहजी काढणार नाही, तेव्हा कादंबरीचे सात तर पहिल्याच आठवड्यात जातील आणि बाकीचे झोपेतून. त्यात घड्याळाची भानगड आहे. थेट वर्ग तिथल्या संध्याकाळी सहाला असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकरा. दोन तासांचा वर्ग संपायला दीड वाजतो. सकाळी मुलाचा डबा असतो. म्हणून विद्यापीठाला चौथा प्रश्न विचारा: थेट वर्ग किती, ते सक्तीचे आहेत का, आणि सगळी चर्चा लेखी करण्याची सोय आहे का? मिल्टन कीन्सचं ओपन युनिव्हर्सिटी १९७१ पासून दूरशिक्षणच देत आलंय, तिथल्या सर्जनशील लेखनाच्या एमएचा भर लेखी देवाणघेवाणीवर आहे. तुमच्या विद्यापीठाचं काय ते माहितीपत्रकावरून ठरवू नका, थेट विचारून घ्या.

लेखी चर्चेचा तुम्हाला आणखी एक फायदा आहे, तो तुमच्या इंग्रजीच्या भीतीशी जोडलेला. ती भीती मला फारशी रास्त वाटत नाही. आठ वर्षं तुमचं इंग्रजी वाचून लोक माल विकत घेताहेत. प्रवेशासाठी लागणारी भाषेची पातळी गाठली म्हणूनच प्रवेश मिळाला. कार्यशाळेत लागतं ते दुसऱ्याचं लिखाण वाचून आपल्याला काय झालं हे नेमकं सांगण्याचं इंग्रजी, आणि लिहून सांगायचं असेल तर शब्द शोधायला सवड मिळते. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला खरी दमवणारी गोष्ट वेगळीच असते: प्रत्येक सर्जनशील लेखनासोबत द्यायचं टिपण. हा तुकडा असा का लिहिला, काय वाचलं, काय टाकून दिलं, निवेदक का बदलला, हे संदर्भ देऊन लिहावं लागतं. आपल्याकडे लेखक असं काही कागदावर उतरवत नाही. मला विचाराल तर या अभ्यासक्रमातली तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. अडलेल्या कादंबरीबद्दल असं तीन पानी टिपण आज रात्रीच मराठीत लिहायला घ्या. त्यासाठी कुठल्याही प्रवेशाची गरज नाही.

सांगलीच्या घरातली कथा तुम्ही इंग्रजीत लिहाल, तेव्हा गटातली माणसं मनापासून विचारतील: ही बाई हळदीकुंकवाला का गेली नाही ते कळलं नाही, जरा समजावून सांगाल का? तुम्ही भल्या मनाने एक ओळ घालाल. पुढच्या वेळी आणखी एक. वर्षभरात कथेतल्या बायका एकमेकींना अशा गोष्टी सांगू लागतील ज्या सांगलीत कुणी कुणाला सांगत नाही. हे होऊ देऊ नका. कळलं नाही या तक्रारीत दोन प्रकार असतात. एक, प्रसंगातला ताणच पोचलेला नाही. ती ऐका, कारण ती सांगलीच्या वाचकालाही जाणवेल. दुसरी, फक्त माहिती हवी आहे. ती ऐकून सोडून द्या. इंग्रजीत लिहून मराठी बिघडतंच असं मी अजिबात म्हणत नाही. कवी दिलीप चित्रे आयुष्यभर दोन्ही भाषांत लिहीत राहिले आणि १९७५ ते ७७ या काळात आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमातही राहून आले. पण ते तिथे गेले तेव्हा त्यांचं मराठी लेखन पक्कं उभं होतं.

मग मी प्रवेश पूर्ण सोडा असं का म्हणत नाही? अभ्यासक्रमाच्या नावातल्या दुसऱ्या शब्दासाठी. व्यावसायिक लेखनाबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही, जणू तो अर्धा भाग नोकरीसारखाच कंटाळवाणा असणार. तसं नाही. पटकथा, श्राव्य मालिका, संपादन, दुसऱ्याच्या नावाने आत्मचरित्र लिहून देणं, प्रकाशकाला प्रस्ताव कसा पाठवायचा, हे सगळं त्यात येतं. आणि मराठीत लिहून पैसे मिळतात ते आज मुख्यतः याच ठिकाणी. मराठी मालिकांच्या श्रेयनामावलीत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं दिसतात, म्हणजे तीन माणसांना काम मिळतं. ऐकायच्या पुस्तकांसाठी मुद्दाम लिहून घेतलेल्या मराठी मालिका निघतात. तुम्ही आठ वर्षं तारखा पाळून, दुसऱ्याच्या सूचनेवर लिहिताय. या कामांत ती सवय फार उपयोगी पडते. अशा कामात पदवी कुणी विचारत नाही, नमुने मागतात. पण नमुने तयार व्हायला कुणीतरी शिस्तीने लिहून घ्यावं लागतं, आणि ६० क्रेडिट्सचा चांगला मॉड्यूल ते करून देतो.

नमुन्यांबद्दल एक लक्षात ठेवा. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कंपनीचा असतो. तो दाखवायचा असेल तर लेखी परवानगी घ्या. आणि पुढे कुठल्याही निर्मात्याशी किंवा प्रकाशकाशी लेखी करार करताना मुदत आणि प्रदेश लिहिलाय का ते पाहा. मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं कलम १९ मानतं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात घेतलेलं लेखन चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाबाहेर वापरलं गेलं तर त्याच्या रॉयल्टीतला लेखकाचा हक्क करार करूनही काढून घेता येत नाही. चांगल्या लेखकांनी नुसत्या संकोचापोटी आयुष्यभराचे हक्क सही करून दिलेले मी पाहिलेत. तुमचं तसं होऊ नये.

आता ते ६० क्रेडिट्स. ब्रिटनमध्ये बऱ्याच अभ्यासक्रमांना मधले थांबे असतात: ६० क्रेडिट्सवर पदव्युत्तर प्रमाणपत्र, १२० वर पदविका, १८० वर एमए. तुमच्या विद्यापीठात तसं असेल आणि फी टप्प्याटप्प्याने घेत असतील तर साधारण एक तृतीयांश पैशांत तुम्हाला कळेल की हे तुमच्यासाठी आहे की नाही. शैक्षणिक कर्ज मिळेल असं गृहीत धरू नका. परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रमाला ते देणार का, हे बँकेकडून लेखी घ्या. मधला थांबा नाही, सगळी फी आत्ताच हवी आणि प्रवेश पुढे ढकलताही येत नाही, अशी तिन्ही उत्तरं आली तर मात्र यंदा नको म्हणा. असे अभ्यासक्रम दर वर्षी प्रवेश घेतात, तुम्ही पुन्हा अर्ज करू शकता.

पुढे ढकलता आला तर मधले महिने दोन कामांना द्या. ओपन युनिव्हर्सिटीच्या ओपनलर्न या संकेतस्थळावर कथालेखनाची सुरुवात करून देणारा लहान अभ्यासक्रम मोफत आहे, तो करा. इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) इंग्रजीतला सर्जनशील लेखनाचा पदविका अभ्यासक्रमही आहे, त्याची चौकशी करा. इंग्रजीतून सर्जनशील लिहायला आवडतं की नाही हे तुम्हाला अजून ठाऊकच नाही. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. आणि दहा लाख भरण्याआधी ते कळायला हवं.

दुसरं काम मराठीतलं. सांगली, मिरज, कोल्हापूर या टापूत लिहिणारी आणखी तीन माणसं शोधा. वाचनालयात विचारा, दिवाळी अंकांतल्या लेखकांचे पत्ते संपादकांकडे मागा, मीही देईन. महिन्यातला एक रविवार पक्का करा. मजकूर आठ दिवस आधी पोचला पाहिजे, अभिप्राय लेखी पाहिजे, लेखकाने शेवटपर्यंत बोलायचं नाही, आणि छान झालंय एवढंच म्हणायला बंदी. त्या तिघांपैकी एकाला तुमची संपूर्ण ४० हजार शब्दांची कादंबरी सलग वाचायला द्या आणि बदल्यात त्याचं किंवा तिचं पूर्ण हस्तलिखित तुम्ही वाचा. वाचणाऱ्याने फक्त एवढं सांगायचं: कुठल्या पानापर्यंत पुढे काय होईल ही उत्सुकता होती आणि कुठून ती गेली. मध्यावर अडलेली कादंबरी बहुतेक वेळा मध्यावर बिघडलेली नसते. चूक आधी पन्नास-साठ पानांवर कुठेतरी झालेली असते, एखाद्या पात्राला लेखकाने लवकर माफ केलेलं असतं किंवा एक गुपित घाईने सांगून टाकलेलं असतं. आपलं आपल्याला ते दिसत नाही.

लिहिण्यासाठी एआयची (कृत्रिम बुद्धिमत्तेची) मदत घ्यायचा मोह होईल, नोकरीत कदाचित घेतही असाल. अभ्यासक्रमात न सांगता केलेला तसा वापर विद्यापीठं गैरवर्तन धरतात. नियम आधी वाचा.

घरच्यांचं थोडं. भावाला पदवीचा उपयोग पटवून द्यायला जाऊ नका, त्या वादात नोकरीचं खोटं आश्वासन द्यावं लागेल. त्याला आकडा सांगा: आधी एक तृतीयांश, मग बघू. नवरा कर म्हणतो हे चांगलं आहे, पण त्याला नुसता होकार मागू नका, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवारची सकाळ मागा. मुलाचं जेवण, अभ्यास, झोपवणं तेव्हा त्याच्याकडे. सासूबाई बोलत नाहीत म्हणजे विरोध आहे असं तुम्ही धरून चाललाय का? त्यांना एकदा सरळ विचारा. तुमची कथा त्यांनी वाचली आहे का, तेही विचारा.

ईमेल आज पाठवा. पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रवेश विभागाला फोन करा, तिथली वेळ बघून. ६० क्रेडिट्सबद्दल ते काय म्हणतात ते मला कळवा. आणि ते तीन पानी टिपण लिहून झालं की, कादंबरीच्या पहिल्या साठ पानांसकट, या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मी वाचेन आणि लेखी उत्तर देईन.